साहेबाच्या खलित्याचा फिरंगी तर्जुमा

“उद्याच्या दरबारात साहेबाच्या खलित्याचा फिरंगी तर्जुमा झाला पाहिजे! साहेबाचा एक शब्द गळता कामा नये, पदरचा एक शब्द घालता कामा नये, आणि ऐकून कप्तानाने एकही उलट प्रश्न विचारता कामा नये! नाही जमलं, तर अंताजीपंत, दुभाषेपण संपलं, तळकरंजची वेस ओलांडायची!”

एवढं बोलून राजे रायाजीराव आत निघून गेले. अंताजीपंत शेणवी घामाघूम होऊन घरी आले.

झालं होतं असं, की गोव्याचा पोर्तुगीज कप्तान कुन्हा मिठाची गलबतं घेऊन तळकरंजच्या खाडीत येऊन थांबला होता. राजांचा इंग्रजांशी तह होता: परका माल उतरवण्याआधी इंग्रजांना विचारायचं, आणि त्यांनी मना केलं तर उतरवायचा नाही. म्हणून इंग्रजांचा वकील पिल्किंग्टन साहेब, त्याला विचारलं. साहेबाला मराठी चांगलं येत होतं, पण सरकारी बोलायचं झालं की तो इंग्रजीच बोले. त्याने एक लांबलचक खलिता लिहून हाती दिला.

कप्तानाला फिरंगीखेरीज, म्हणजे पोर्तुगीजखेरीज, कुठलीच भाषा येत नव्हती. पंतांनी त्याला सांगितलं, “सरकार या प्रकरणाकडे चिंतेने पाहत आहे.”

कप्तानाने विचारलं, “कुठून?”

पंतांनी पुढचं सांगितलं, “योग्य वेळी योग्य ती कार्यवाही करण्याचा हक्क सरकार राखून ठेवीत आहे.”

“योग्य वेळ म्हणजे कधी?”

पंतांनी साहेबाला विचारलं. साहेब म्हणाला, “जेव्हा ती योग्य असेल तेव्हा.” हे कप्तानाला सांगितल्यावर त्याने टोपी काढून पंतांच्या पायांपाशी आपटली होती.

पंत मागच्या पडवीत डोकं धरून बसले होते, तेवढ्यात मागच्या दारी कोंसू आली. कोंसू बंदरावरची. तिचा नवरा पेद्रू मासळी खारवायचा आणि ती विकायची. आज तिची पाटी रिकामी होती.

“काय ओ पंत, मीठ उतरणार की नाही? किनाऱ्यावर बांगड्यांची रास पडली आहे. उद्या दुपारपर्यंत मीठ नाही लागलं, तर सगळी पुरावी लागेल. वर्षाचं खाणं आहे आमचं!”

पंतांनी सगळी हकिगत सांगितली. कोंसू चौकटीला टेकून बसली.

“वाचा बघू तो कागद. मराठीत वाचा.”

पंतांनी वाचला.

“यात मीठ कुठे आहे?”

“मीठ नाही. ‘सदर बाब’ आहे.”

“आणि बंदर?”

“‘संबंधित ठिकाण’.”

“कप्तान?”

“‘सर्व संबंधित पक्ष’.”

“आमच्या पेद्रूला छप्पर कधी शाकारतोस विचारलं, की तो ‘बघू’ म्हणतो. यात ‘बघू’ तरी आहे का?”

पंतांनी कागदावरून बोट फिरवलं. “तीन ठिकाणी आहे.”

कोंसूने रिकामी पाटी उचलली. मग म्हणाली, “उद्या मी येते. फिरंगी मला येतं. माझा बाप पणजीला पाद्र्याच्या घरी स्वयंपाकी होता.”

दुसऱ्या दिवशी कोंसू पंतांच्या मागोमाग दरबारात शिरली. तिच्या डोळ्यांपुढे बांगडे होते.

“ही कोण?” राजांनी विचारलं.

“माझी मदतनीस, महाराज,” पंत कसेबसे म्हणाले.

“अटी ठाऊक आहेत?”

“तिन्ही ठाऊक आहेत, महाराज!”

साहेबाने उभं राहून खलित्याचं पहिलं कलम वाचलं. कोंसू कप्तानाकडे वळली, हात जोडले, आणि तोंड मिटून उभी राहिली. साहेबाने दुसरं वाचलं. ती तशीच उभी राहिली. तिसरं कलम लांब होतं. ती जरा जास्त वेळ उभी राहिली. पंतांनी डोळे मिटून घेतले.

“ही बोलत का नाही?” साहेब ओरडला, तेही मराठीत.

“तर्जुमा झाला, साहेब! पदरचा एक शब्द घातला नाही. कप्तानाने एक तरी उलट प्रश्न विचारला का?”

कप्तान खरोखरच शांत बसला होता. इतक्या दिवसांत प्रथमच.

“पण माझा सगळा मजकूर गळला!”

“काय गळलं तेवढं सांगा. उभ्याउभ्या फिरंगीत घालते. ‘मीठ उतरवू नका’, हे गळलं का?”

साहेबाने कागद पाहिला. “तसं मी लिहिलेलं नाही.”

“मग ‘उतरवा’, हे गळलं?”

“तसंही लिहिलेलं नाही!”

“मग कधी सांगणार, ते गळलं असेल.”

“ते योग्य वेळी...” साहेब मध्येच थांबला.

“महाराज,” कोंसू म्हणाली, “मी सगळं धुंडाळलं. गळलेलं काही सापडत नाही!”

राजे पुढे वाकले. “साहेब, एकच सांगा. आपण मना केलंत?”

साहेबाने खलिता उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. “नाही,” तो म्हणाला.

“मग तहाप्रमाणे मीठ उतरवा! सांग गं कप्तानाला!”

कोंसूने दोनच शब्द सांगितले. कप्तान ताडकन उठला, छातीवर हात ठेवून साहेबाकडे वळला, आणि त्याने फिरंगीत भलंमोठं सरकारी भाषण केलं.

“काय म्हणतो तो?” साहेबाने घाबरून विचारलं.

कोंसू साहेबाकडे वळली, हात जोडले, आणि तेवढाच वेळ गप्प उभी राहिली. मग म्हणाली, “त्यांच्या सरकारचंही तसंच आहे, साहेब!”

राजे इतके हसले, की हुजऱ्याला त्यांची पाठ चोळावी लागली. साहेबाने आधी ओठ आवळून धरले, पण मग त्यालाही हसू आवरेना.

राजांनी पंतांना त्यांच्या जागेवर कायम केलं. कोंसूला हातातलं सोन्याचं कडं दिलं आणि म्हणाले, “आणखी काय हवं ते माग!”

“पहिल्या गलबताचं मीठ आमच्या किनाऱ्याला, महाराज. आत्ताच!”

“दिलं!”

मुजरा करून कोंसू जी पळत सुटली, ती थेट बंदरावर.