कुरणातली पायवाट

“मंग नेम मोडायचा का, आबा?”

बमू झोरे अंगणात उभा होता. त्याच्या हातात दावं होतं आणि दाव्याच्या दुसऱ्या टोकाला बयजाक्काची तांबू गाय. गाय शांतपणे रवंथ करत होती. हिरव्या गवताची एक काडी अजून तिच्या नाकपुडीला चिकटलेली होती.

धाकू आबा ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. त्यांनी गाईकडे पाहिलं. बमूकडे पाहिलं नाही.

“गाभण हाय ती,” ते म्हणाले.

“ठावं हाय मला. पण कुरणात घावली. दसऱ्याला अजून आठ दिस हायेत, आणि ही पोटभर चरून उभी. म्या स्वतः धरली.”

“स्वतः धरलीस...”

“व्हय. स्वतः.”



घाटमाथ्यावरचा हा सात घरांचा धनगरवाडा. दांडाच्या, म्हणजे डोंगराच्या सोंडेच्या, उतरणीवरचं कुरण सातही घरांचं. मृग लागला की ते बंद व्हायचं, ते थेट दसऱ्याला उघडायचं. तोवर पवन्या आणि मारवेल गवत कंबरेएवढं वाढायचं, फुलायचं, त्याचं बी खाली मातीत सांडायचं. मग सात घरांना सात वाटे. पाच म्हशीवाल्याला एक वाटा, एका गाईवाल्यालाही एकच. त्या वाट्यावर शिमग्यापर्यंत जनावरं जगायची.

आणि नेम एकच होता. जो दसऱ्याआधी कुरण फोडील, त्याचा त्या सालचा वाटा बंद.

नेम चांगला होता, हे आधीच सांगून टाकतो. समोरच्या डोंगरावर असा नेम नव्हता, आणि आता तिथे गवतही नव्हतं. कुसळं होती आणि उघडा पडलेला मुरूम होता.

चाळीस वर्षं कुरणाची राखण आबांनी केली. दोन पावसाळ्यांमागे त्यांना दम्याने गाठलं, तेव्हापासून ते ओट्यावर आणि बमू राखणीवर. राखणीची काठी मात्र अजून आबांच्याच उशाला होती. यंदा दसऱ्याला ती बमूच्या हाती जाणार असं सगळा वाडा धरून चालला होता. बमू तर मागच्या दसऱ्यापासूनच धरून चालला होता.

माणूस वाईट नव्हता. अंगात ताप असताना, पावसात, धुक्यात, एक दिवस त्याने राखण चुकवली नव्हती. फक्त आपण चुकत नाही हे त्याला जरा लवकर कळलं होतं.

“आबा, बोला काहीतरी,” तो म्हणाला. “आज बयजाक्काची म्हणून सोडली, तर उद्या आणिक कुणाची सोडू? असं सोडत गेलं तर दोन सालात समोरच्या डोंगरावाणी होईल आपलं.”

“खरं हाय तुझं.”

एवढ्यात बयजाक्का आली. एकटी, साठीची बाई. घर तिचं वाड्याच्या पार पलीकडच्या टोकाला, दांडाच्या आडोशाला. कुंपणाला धरत, एक पाय ओढत ती येत होती. गुडघ्याला हळदीचं फडकं बांधलेलं होतं.

ती आली आणि गाईच्या मानेवर हात ठेवून उभी राहिली. कुणी काही विचारायच्या आत म्हणाली,

“खाल्लं असंल तिनं. मी न्हाई म्हणत न्हाई.”

“गुडघ्याला काय झालं?” आबांनी विचारलं.

“गणपतीच्या आधी घसरले वढ्यात. तवापासनं चालवत न्हाई. हिला लांबच्या रानात न्यायला कुणी न्हाई. दारात बांधून ठेवते आणि हाताला येईल तेवढं कापून घालते. पोटात वासरू हाय हिच्या. तेवढ्यानं भागत न्हाई... हंबरते दिसभर. आज पहाटं मलाच ऐकवंना. दावं सोडून दिलं. म्हटलं, जा बाई, जिथं घावंल तिथं खा.”

बमू तिच्याकडे बघत राहिला.

“महिनाभर?” तो म्हणाला. “मला का न्हाई सांगितलंस?”

“सांगायला तू दिसायला पायजेस नव्हं, बाबा.”

तिच्या बोलण्यात राग नव्हता. 

“वाटा बंद झाला तर हिला घाटाखाली इकावी लागंल, आबा,” बयजाक्का म्हणाली. “पण नेम सगळ्यांचा हाय. मी रडत न्हाई त्यासाठी.”

असं म्हणताना ती रडतच होती.

आबांनी बराच वेळ घोंगडीची दशी बोटांत फिरवली.

“नेम मोडायचा न्हाई,” ते म्हणाले.

बमूची मान ताठ झाली. बयजाक्काने पदर डोळ्यांना लावला.

“पण कुरण कुणी फोडलं ते आधी बघू,” आबा उठत म्हणाले. “काठी आण माझी.”

“त्यात बघायचं काय? गाय समोर हाय.”

“मंग गाईलाच इचारू. चल.”

दोन वर्षांत आबा कुरणाकडे चढले नव्हते. चढाला तीन वेळा थांबावं लागलं. दर वेळी बमू त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभा राही, आणि श्वास ठिकाणावर आला की आबा त्याचा हात हळूच थोपटत. मागून तांबू, तिच्या मागून लंगडत बयजाक्का. 

कुरणाला सगळीकडून दगडांचा कोरडा गडगा रचलेला होता. गडग्यापाशी येऊन आबा टेकले. आत वाऱ्यावर पवन्या डुलत होता. आबांचा चेहरा असा उजळला की बमूला वाटलं, आता शाबासकी मिळणार.

“छान राखलंस,” आबा म्हणालेही. “आता गाय सोड.”

“सोडू? इथं? पुन्हा आत शिरंल ती.”

“शिरू दे.”

“आबा...”

“सोड लेका.”

बमूने दावं काढलं. तांबूने अंग झटकलं, इकडेतिकडे पाहिलं, आणि जणू रोजची सवय असावी तशी गडग्याच्या कडेकडेने चालू लागली. तिने कुठे उडी मारली नाही, दगड पाडले नाहीत. पन्नासएक पावलांवर एका ठिकाणी गडगा गुडघ्याएवढाच उरला होता. वरचे दगड आत-बाहेर घरंगळलेले. तिथून ती सहज पलीकडे गेली.

पलीकडे पायवाट होती.

कंबरेएवढ्या गवतातून सरळ वर, दांडाच्या माथ्यापर्यंत गेलेली. वीतभर रुंद, स्वच्छ, गवताचं पातं नसलेली. तांबू त्या वाटेने चालत गेली. चालता चालता दोन्ही बाजूंचं गवत तोंडात घेत गेली. गवतात ती शिरली नाही. वाट सोडून जनावर कशाला जाईल?

बमू धावत त्या पडक्या जागी गेला आणि तिथेच थांबला.

वाटेवरच्या ओल्या मातीत वहाणा उमटल्या होत्या. टायरच्या तळाच्या वहाणा, डाव्या टाचेला तिरपा काप गेलेल्या. वर जाणाऱ्या आणि खाली येणाऱ्या, आजच्या आणि कालच्या.

त्याने आपल्या पायांकडे पाहिलं नाही. गरजच नव्हती.

आबा हळूहळू त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले.

“ही वाट माझ्या येळला नव्हती,” ते म्हणाले. विचारल्यासारखं.

“तुमी गडग्याभायेरनं फिरायचा,” बमू म्हणाला. “सातही घरांवरनं. अर्धा दिस जायचा त्यात. म्हटलं मधनं वर गेलं की माथ्यावरनं सगळं कुरण एका नजरंत दिसतं. घटकाभरात राखण उरकते...”

“दिसतं खरं माथ्यावरनं सगळं.”

“व्हय.”

“सगळं...?”

बमूने माथ्याकडे पाहिलं. माथ्यावरून सहा घरांची छपरं दिसत. सातवं घर दांडाच्या आडोशाला होतं.

आबांनी काठी वाटेत रोवली. दोन पावसाळ्यांचं पाणी त्या वाटेने धावलं होतं. आजूबाजूच्या मातीपेक्षा वाट चार बोटं खाली गेली होती, आणि खाली उतारावर तर वीतभर. तिथे माती राहिलीच नव्हती. समोरच्या डोंगरावर दिसतो तसला मुरूम दिसत होता.

आबा खाली बसले. त्यांनी काठी वाटेवर आडवी ठेवली आणि तिच्यावरून हात फिरवला. एखाद्या दुखऱ्या अंगावरून फिरवावा तसा.

“चूक माझीबी हाय,” ते म्हणाले. “दोन सालं झाली, तू किती लवकर परत येतोस ते मी ओट्यावरनं बघत व्हतो. इचारलं न्हाई. मला बरं वाटायचं तू लवकर आलास की. बोलायला कुणी असायचं...”

वारा आला आणि गवत दोन्ही बाजूंनी वाटेवर झुकलं. वाट काही झाकली गेली नाही.

“आबा.”

“हां.”

“माझा वाटा बंद करा.”

आबांनी वर पाहिलं.

“पाच म्हशी हायेत तुझ्या.”

“हायेत.”

“लेकरं दूध पितात.”

“पितात. पण जो कुरण फोडील त्याचा वाटा बंद. असंच हाय नव्हं? म्याच फोडलं. रोज फोडत व्हतो. ती बिचारी आज आली फक्त.”

  या पोराला त्यांनी बोट धरून गवत ओळखायला शिकवलं होतं.

“बंद,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

बयजाक्का एवढा वेळ गडग्याच्या दगडावर पाय पसरून बसली होती. तिने खाकरून घसा मोकळा केला.

“माझा वाटा मंग हाय नव्हं, आबा?”

“हाय.”

“सगळा?”

“सगळा.”

“एकटी तांबू किती खाणार हाय? याच्या म्हशी येऊ देत की माझ्या वाट्यात.”

“आक्का, नको,” बमू म्हणाला.

“तू गप. तुला इचारलंच न्हाई मी.”

आबांच्या मिश्यांत हसू आलं.

“वाटा तुझा, बयजे. त्यात तू कुणाला चारतीस ते मी कशाला इचारू?”

 बमू एकदम वळला, गडग्याचे घरंगळलेले दगड उचलू लागला आणि एकेक करून वाटेवर आडवे लावू लागला. पाणी अडेल, माती थांबेल अशा बेताने, दर चार पावलांवर एक ओळ. हे त्याला कुणी सांगावं लागलं नाही. आबांनीच कधीतरी शिकवलं होतं. तांबूला त्याने हळूच बाहेर काढलं आणि गडग्याची खिंड छातीएवढी रचून बंद केली. करवंदीच्या फांद्या तोडून आणल्या आणि वाटेच्या तोंडाशी दाबून बसवल्या. हात रक्ताळले. त्याने ते धोतराला पुसले.

आबा गवताच्या कडेला बसून होते. वाऱ्याने पवन्याचं बी त्यांच्या घोंगडीत अडकलं होतं, थोडं पिकलेलं, थोडं कच्चं. दिवस कलला तेव्हा ते उठले आणि त्यांनी घोंगडी त्या उघड्या मुरुमावर झटकली. एकदा, दोनदा. उरलेली कुसळं बोटांनी वेचून दगडांच्या आडोशाला टाकली.

“लागंल का रं गवत इथं?” त्यांनी विचारलं.

“दोन-तीन पावसाळं लागतील.”

“लागू दे.”

मग त्यांनी काठी उचलली. तिला लागलेली माती पुसली आणि बमूपुढे धरली.

बमू मागे सरला.

“आता नको, आबा. ही काठी धरायचं तोंड न्हाई मला.”

“काल मागितली असतीस तर दिली नसती,” आबा म्हणाले. “आज देतो. धर.”

बमूने ती दोन्ही हातांत घेतली. चाळीस वर्षांच्या मुठीने ती मधोमध गुळगुळीत झाली होती.  बयजाक्का गाईला घेऊन पुढे निघाली होती. एक पाय ओढत, गाईच्या पाठीचा आधार घेत.

“पण आबा...”

“हां.”

“मधनं जायचं न्हाई. गडग्याभायेरनं जायचं तर सात घरं. मंग उद्या सकाळी राखणीला निघायचं कुठनं?”

आबांनी उतरणीवरून खाली जाणाऱ्या त्या दोघींकडे पाहिलं.

“बयजाच्या दारावरनं.”