डब्यात आधी काय होतं

“पण बाई, उत्तर बरोबर येतंय ना? मग सही का नाही?”

निनाद खोतने फॉर्म टेबलावर पुढे सरकवला. पुण्याच्या प्रोग्रामिंग स्पर्धेला आमच्या पॉलिटेक्निकमधून एकच जण जाणार होता, तोही घोसाळकरबाईंची सही असेल तरच. मुदत त्याच दिवशी चार वाजता संपत होती.

पोरगा हुशार, यात वाद नाही. पण हुशारी मिरवायची भारी हौस.

निवडीसाठी बाईंनी दिलेला प्रश्न अगदी साधा होता. सी या कॉम्प्युटरच्या भाषेत पाच आकड्यांची बेरीज करा.

“एक ओळ कमी आहे,” बाई म्हणाल्या.

“कमी ओळींतच तर मजा आहे, बाई.”

बाई हसल्या. मी त्यांच्या लॅबचा सहायक, एकवीस वर्षं त्यांना पाहतोय. पोरांवर त्या कधी चिडल्या नाहीत. मी मात्र चिडतो.

त्यांनी कपाटातून स्टीलचा एक डबा काढून त्याच्या हातात दिला. झाकणाला चीर, वर कागदाची पट्टी: ‘बेरीज’. सी शिकवताना पहिला महिनाभर बाई कॉम्प्युटर लावूच देत नाहीत. व्हेरिएबल म्हणजे डबा, आकडे म्हणजे चिंचोके. प्रोग्राम हातांनी चालवायचा.

“हा तर पहिल्या वर्षाचा खेळ!”

“हो. चालव.”

तीन, एक, चार, दोन, पाच. निनाद झरझर चिरेतून चिंचोके टाकत गेला...

“पंधरा,” तो झाकण न उघडताच म्हणाला.

“मोज.”

त्याने मोजले. सतरा. पुन्हा मोजले. सतराच.

“बाई, यात आधीचे दोन होते!”

“होते.”

“कुणाचे?”

“सकाळच्या वर्गाचे असतील.”

“मग रिकामा करून द्यायचा ना!”

“रिकामा आहे असं मी म्हटलं होतं? हातात घेतलास तेव्हा खुळखुळला होता.”

...

निनादचे कान लाल झाले. त्याने प्रोग्रामचा कागद ओढला आणि वरच्या बाजूला राहिलेली ओळ लिहिली. बेरीज सुरू होण्याआधी डब्यात शून्य.

पावणेचार झाले होते. आता हा पुन्हा फॉर्म पुढे करणार, असं मला वाटलं. त्याने केला नाही. कागदाकडेच बघत राहिला.

“बाई...”

“बोल.”

“लॅपटॉपवर मी हा प्रोग्राम शंभरदा चालवला. ही ओळ नव्हती, तरी दर वेळी उत्तर बरोबर आलं.”

“हं.”

“डबा मी रिकामा केलाच नव्हता, मग ते बरोबर कसं येत होतं?”

बाईंनी पेनाचं टोपण काढलं. फॉर्मवर सावकाश, पूर्ण नावाची सही केली. खरं सांगतो, त्या क्षणी मला उठून त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“हा प्रश्न घेऊन जा पुण्याला.”