विसावा झरा

डोंगरांना अजून नावं पडली नव्हती, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट आहे.

एका उंच पठारावर एक नगर होतं. नगराला नदी नव्हती, विहिरींना पाणी लागत नव्हतं. होता तो एक तलाव. पूर्वजांनी दरीच्या तोंडाशी दगडी बांध घालून तो अडवला होता, आणि सात पिढ्या नगर त्याच पाण्यावर जगत आलं होतं.

मग एका वर्षी काय झालं कोण जाणे, तलाव भरायचा आणि भराभर उतरायचा. पहिल्या वर्षी तो वैशाखात आटला, दुसऱ्या वर्षी चैत्रात. पाचव्या वर्षी माघातच निम्म्या तळाचा चिखल दिसू लागला. गुरं दावणीला मेली. कित्येक घरांना कुलपं लागली.

नगरावर राणीचं राज्य होतं. तिने दूरदेशीहून हैबती नावाचा नामांकित गवंडी आणवला. हैबतीने बांध वरून पाहिला, खालून पाहिला, पायथ्याच्या ओल्या मातीत बोटं खुपसली आणि सांगितलं, "राणीसाहेब, बांध म्हातारा झाला. पाणी याच्या पोटातून जातंय. येत्या होळीला हा फोडायचा आणि नवा बांधायचा. तीन वर्षं लागतील. तोवर लोकांना दुसरीकडे जावं लागेल."

दिवाळीनंतर भरसभेत हा निर्णय वाचायचं ठरलं. सगळं नगर जमलं. नगारा वाजू लागला, तशी गर्दीतली एक बाई दोन्ही हातांनी कान झाकून खाली बसली. नगारा थांबल्यावर ती उठली आणि सरळ म्हणाली, "हे चूक आहे."

ती सटवाजी बुरुडाची मुलगी, येसू. वय तिशीचं. लहानपणापासून ती कोणाच्या डोळ्याला डोळा देत नसे. बोलायची ती मोजकं, पण एकदा सुरू झाली की थांबत नसे. भाकरीला कालवण लागलेलं तिला चालत नसे. रोज पहाट फुटली की ती पठाराखाली उतरायची, उतारावरचे एकोणीस बारीक झरे एकाच क्रमाने पाहायची आणि परत येऊन टोपल्या विणायला बसायची. वीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. लोक तिला खुळी म्हणत. तिच्या टोपल्या मात्र सगळे मागून नेत, कारण तसली बारीक वीण दुसऱ्या कोणाला जमत नसे.

लोक हसले. सटवाजीने मान खाली घातली. राणीने मात्र विचारलं, "काय चूक आहे?"

येसू जमिनीकडे बघत म्हणाली, "बांधाखालची ओल वाढली नाही. माझ्या लहानपणी होती तेवढीच आहे. पाणी जाणं वाढलंय. ओल वाढत नाही आणि जाणं वाढतं, मग ते तिथून जात नाही."

"मग कुठून जातं?" हैबतीने विचारलं.

"माहीत नाही."

पुन्हा हशा झाला. येसूला त्याचं काही वाटलं नाही. ती म्हणाली, "तुम्ही सगळे पाणी कुठून जातं ते शोधता. मी ते कुठे पोचतं ते शोधीन."

राणीने हात वर करून हशा थांबवला. मग म्हणाली, "होळीपर्यंत मुदत दिली. आणि ही इथे असेल तेव्हा नगारा वाजवायचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून येसू कामाला लागली. तिने बांबूचा बारीक कीस काढला आणि पाण्यात बुडेल इतका भिजवला. त्याचे पाच भाग केले. एक हळदीत रंगवला, एक काताच्या पाण्यात, एक हिरड्यात, एक निळीत आणि एक पळसाच्या वाळवलेल्या फुलांत. तलावाचा काठही तिने पाच भागांत वाटला. रोज सकाळी तराफ्यावर बसून ज्या त्या भागात ज्या त्या रंगाचा कीस सोडायचा. मग खाली उतरायचं. एकोणीस झऱ्यांच्या तोंडाशी तिने बारीक विणीच्या टोपल्या लावल्या होत्या. त्या उपसून, त्यात एखादा रंगीत धागा आहे का ते पाहायचं.

पहिल्या महिन्यात काही सापडलं नाही. दुसऱ्यातही नाही. तिचे पाय फुटले, बोटं पाच रंगांनी डागाळली. बायका काठावर उभ्या राहून म्हणत, "बघा, तलावाला होळी खेळवतेय."

माघ लागला. सटवाजी म्हणाला, "येसू, पुरे कर आता. लोकांनी गाड्या भरायला घेतल्या. आपणही निघू."

"अजून संपलं नाही, आबा."

"अगं, एकोणीसच्या एकोणीस झरे रिकामे निघाले ना?"

"हो," ती म्हणाली. "एकोणिसात नाही. म्हणजे विसावा आहे."

सटवाजीने गाडीत ठेवायला उचललेलं गाठोडं खाली ठेवलं. आजवर जी गोष्ट त्याला मुलीचं अपयश वाटत होती, ती मुलीने एका वाक्यात पुरावा करून टाकली होती.

तलावाच्या दक्षिणेला एक उभा डोंगर होता. त्याच्या पलीकडे दाट रान होतं. पाणी डोंगर ओलांडेल असं कोणाच्या मनातही आलं नव्हतं, म्हणून तिकडे कोणी पाहिलं नव्हतं. रोज कीस सोडायचं काम सटवाजीवर सोपवून येसू तिकडे निघाली, तेव्हा हैबतीही बरोबर गेला. तो म्हणाला, "मी बांध फोडणार आहे. फोडण्याआधी माझी खात्री झालेली बरी." मनातून त्याला वाटत होतं, ही बाई रानात रिकाम्या हाताने थकेल आणि प्रश्न मिटेल.

सहा दिवस ते रान तुडवत होते. येसू ओढ्याच्या उगमापर्यंत जायची, पाहायची, पुढच्या ओढ्याकडे वळायची. हैबती चिडला, दमला, दोनदा परत फिरतो म्हणाला. ती थांबली नाही आणि तिने त्याला थांबवलंही नाही.

सातव्या दिवशी त्यांना एक म्हातारी गवळण भेटली. ती कातळाखाली घागर भरत होती. कातळाच्या फटीतून मांडीएवढी जाड धार उसळत होती.

"आजी, हा झरा कधीचा?" हैबतीने विचारलं.

"पाच वर्षांचा असंल बघ. आधी इथं टिपूस नव्हता. देवानं दिला."

येसूने धारेखाली टोपली धरली आणि बसून राहिली. सावल्या सरकल्या. गवळणीने दोघांपुढे ताक ठेवलं. हैबती पेंगत होता. येसूने टोपली त्याच्यासमोर धरली, तेव्हा तो खडबडून जागा झाला.

टोपलीच्या तळाशी बांबूचे चार धागे होते. पळसाच्या रंगाचे, केशरी.

हैबतीने वर पाहिलं. मधे अख्खा डोंगर उभा होता. त्याच्या पोटातल्या काळोखातून, कोणी न पाहिलेल्या वाटेने ते चार धागे आले होते. त्याने आयुष्यभर दगड फोडले होते, पण दगडाने असं उत्तर दिलेलं त्याने पाहिलं नव्हतं. तो हात जोडून त्या पाण्यासमोर गुडघ्यांवर बसला. येसू मात्र धागे पुन्हा मोजत होती.

केशरी रंग दक्षिण काठाच्या भागात, डोंगराच्या पायथ्यात आत शिरलेल्या पाण्याच्या खोबणीत सोडलेला होता. येसूने परत येऊन ती खोबणही पाच भागांत वाटली आणि पुन्हा पाच रंग सोडले. हैबतीची माणसं पलीकडे झऱ्यावर बसली. चार दिवसांनी निरोप आला, निळा. मग निळ्याच्या जागेचे पाच भाग झाले. बांधावर पहारी घेऊन माणसं उभी होती आणि होळीला दोन दिवस उरले होते, तेव्हा येसूने तराफ्यावरून एका बुडालेल्या खडकाकडे बोट दाखवलं. "इथे."

एका पाणबुड्याने बुडी मारली. वर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "खडकाखाली भेग आहे," तो म्हणाला. "हात घातला तर पाणी आत ओढतंय."

हैबतीने बुड्या मारमारून स्वतःच्या हाताने ती भेग चिकणमाती, चुना आणि दगडांनी बुजवली. पाचव्या दिवशी पलीकडची धार मनगटाएवढी झाली, पुढे गवळणीच्या घागरीपुरती उरली. त्या वर्षी तलावात उरलेलं पाणी पुढच्या पावसापर्यंत पुरलं. गेलेली घरं परत आली. सात पिढ्यांचा निर्दोष बांध जागच्या जागी उभा राहिला.

राणीने येसूला विचारलं, "तुला काय देऊ?"

तिने खूप वेळ विचार केला. कोणी घाई केली नाही. मग ती म्हणाली, "माझ्यासारखं कोणी काही सांगायला आलं, तर त्याचं संपेपर्यंत ऐका."

राणीने तसा नियम केला. हैबती आपल्या देशी परत गेला नाही. शिकाऊ गवंडी त्याला विचारत, तुमचा गुरू कोण? तेव्हा तो बुरुडआळीकडे हात करी.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, लक्षात ठेवा: जो आपल्यासारखा चालत नाही त्याला वाट चुकलेला समजू नका, आपण कधी न पाहिलेली वाट कदाचित त्यालाच सापडेल.