पेवाचं झाकण

परवा रात्रभर मला झोप लागली नाही. कारण सांगायला जरा संकोच वाटतो. आमच्या गल्लीत आठवडाभरात दोन गॅस सिलिंडर आणि पाण्याची एक मोटर चोरीला गेली. संध्याकाळी सगळे कोपऱ्यावर जमले. समोरचे भोसेकरकाका म्हणाले, "पुढच्या खेपेला सापडला तर जिवंत सोडायचा नाही. आपल्या हद्दीत शिरलाय म्हटल्यावर कायदा आपल्याच बाजूने." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझी सात वर्षांची जुई शेजारीच उभी होती, हे नंतर लक्षात आलं. जेवताना तिने विचारलं, "आई, चोराला मारून टाकलं तर चालतं?"

मी म्हणाले, "भाजी संपव आधी."

एम.ए. झालेल्या बाईचं हे उत्तर. पहाटेपर्यंत छताकडे बघत मी दुसरं उत्तर जुळवत होते, आणि जे जुळलं ते गोष्ट म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी तिला सांगितलं. गोष्टीतले आचार्य माझ्यापेक्षा बरेच शहाणे आहेत, तेवढंच समाधान.

एकदा एक वयोवृद्ध आचार्य कृष्णाकाठच्या एका गावात राहत असत. त्यांनी जन्मभर कायदा शिकवला होता. आता डोळे थकले होते, तरी एक शिष्य त्यांच्यापाशी राहून अध्ययन करीत असे. ते गाव हळदीचं. तिथे हळद कोठारात नव्हे, जमिनीखालच्या पेवात साठवत. पेव म्हणजे दोन पुरुष खोल खड्डा, तोंडाशी अरुंद, खाली रांजणासारखा फुगलेला. वर शिळेचं झाकण ठेवायचं आणि फटी मातीने लिंपून टाकायच्या. आत हवा खेळत नाही म्हणून किडा जगत नाही आणि हळद वर्षानुवर्षं टिकते. पेव उघडलं की आधी कंदील खाली सोडायचा. तो विझला तर कोणी उतरायचं नाही, हा तिथला नियम लहान मुलांनाही ठाऊक.

एके दिवशी भर दुपारी एक व्यापारी आचार्यांच्या ओसरीवर आला. बसला, पाणी मागितलं, पण पिता पिता थांबला.

"गुरुजी, एक विचारायचं होतं. माणसाला आपल्या मालाचं रक्षण करता येतं की नाही?"

"अवश्य येतं," आचार्य म्हणाले. "तो त्याचा अधिकारच आहे."

शिष्याने लेखणी उचलली.

"मग चोर हाती लागला तर त्याला मारता येतं?"

"त्याला थांबवण्यापुरता बळाचा वापर करता येतो. थांबला की आपला हातही थांबला पाहिजे. साध्या चोरीसाठी कुणाचा प्राण घेण्याची मुभा कायदा देत नाही."

"आणि तो अंगावर आला तर?"

"तो शस्त्र घेऊन आला, आपण मरू किंवा जबर जखमी होऊ असं खरोखर भय वाटलं, तर गोष्ट वेगळी. दरोडा असेल, रात्री कुणी घर फोडून शिरला असेल, राहत्या घराला आग लावत असेल, तर तेव्हाही कायदा अधिक मोकळीक देतो."

"नाही, तसं काही नाही," व्यापारी घाईने म्हणाला. "काठीसुद्धा नाही हातात. ना त्याच्या, ना माझ्या." तो जरा हसला. "समजा, कुणी आपल्याच जागेत, आपल्याच पेवाचं झाकण आपल्याच हाताने लावलं. त्यात काय गुन्हा? झाकण तर रोजच लावतो आपण."

आचार्यांनी त्याच्या हातांकडे पाहिलं. कोपरापर्यंत माती होती, आणि ती ओली होती.

पुढच्या क्षणी सत्तरीचे आचार्य उठले आणि अनवाणी धावत सुटले. दौत कलंडली. प्रश्न अर्धवट टाकून गुरू कधी उठल्याचं शिष्याने पाहिलं नव्हतं. तोही मागोमाग धावला. सर्वांत मागे व्यापारी, धोतर सावरत.

"गुरुजी, उत्तर राहिलं की."

"पेव कोणतं?" आचार्यांनी मागे न बघता विचारलं.

"पिंपळाखालचं. पण मी काही केलेलं नाही. हमाल पेव उघडं टाकून जेवायला गेले होते. हा चोर पोतं घेऊन आत उतरलेला. मी फक्त शिडी वर ओढली आणि झाकण लावलं. उतरायला मी सांगितलं होतं का त्याला?"

पिंपळाखाली शिळेभोवतीचा चिखल अजून ओला होता. त्यावर बोटांचे ठसे दिसत होते. आचार्य गुडघ्यांवर बसून नखांनी माती उकरू लागले. शिष्याने पहार आणली. शिळा तसूभर सरली, मग हातभर. आतून हळदीचा उग्र, कोंदट दर्प आला. आचार्यांनी हाक मारली. दोनदा. आतून काहीच आलं नाही.

एव्हाना जेवून परतलेले हमाल धावत आले. एकाने कंदील पेटवून दोरीने खाली सोडला. ज्योत निम्म्यावर काजळली आणि विझली.

शिष्य दोर धरून पुढे झाला. म्हाताऱ्या हमालाने त्याचं मनगट धरलं. "पोरा, एकाचे दोन करू नकोस. घोंगडी आण."

त्यांनी घोंगडी दोरीला बांधली आणि पेवात भराभर खालीवर करायला सुरुवात केली, हवा ढवळली जावी म्हणून. व्यापारी एका बाजूला उभा होता. मग एकाएकी पुढे येऊन त्याने हमालाच्या हातातून दोर घेतला आणि तोच घोंगडी ओढू लागला, तळवे सोलले तरी थांबेना.

दुसरा कंदील तळाला टेकला. ज्योत लहान झाली, पण राहिली.

हमाल उतरला. दोराला हिसका बसला. वर आला तो माणूस नखशिखान्त पिवळा होता, डोळे मिटलेले. त्याला वाऱ्याला निजवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग छाती हलली, आणि तो खोकला.

आचार्य म्हणाले, "शुद्धीवर आला की याला वैद्याकडे न्या, तिथून चौकीत. चोरी ही चोरीच आहे, तिची शिक्षा होईल. आणि शेठ, तुम्हीही चौकीत चला. घडलं ते सगळं सांगा. मी बरोबर येतो."

व्यापारी मान खाली घालून निघाला.

चौकीतून परतताना शिष्याने विचारलं, "गुरुदेव, आपण त्यांच्या चौथ्या प्रश्नाचं उत्तर न देताच का उठलात?"

"उत्तर पूर्ण होईतो पुरेल एवढी हवा आत नव्हती," आचार्य म्हणाले. थोडं चालून ते पुढे बोलले, "हातात काठी नव्हती, म्हणून त्यांना वाटलं की आपण काही केलंच नाही. बाळ, शिडी वर ओढली त्या क्षणी चोरी थांबली होती. माल जाग्यावर होता, चोर अडकला होता, आणि चौकी पेवापासून हाकेच्या अंतरावर. रक्षणाचा अधिकार तिथेच पुरा झाला. त्यानंतर लावलेलं झाकण हळदीसाठी नव्हतं, रागासाठी होतं. मालकी जमिनीवर असते, हळदीवर असते. खाली उतरलेल्या माणसाच्या श्वासावर ती चालत नाही."

मग आचार्य हलकेच म्हणाले, "पण चूक माझीही आहे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी रमून दिली. हातांकडे आधी बघायला हवं होतं."

घरी आल्यावर शिष्याने दुपारी लिहिलेला कागद पुन्हा वाचला. उत्तरं सगळी बरोबर होती.

गोष्ट इथे संपली. मला ती बरी जमल्यासारखी वाटत होती, विशेषतः श्वासाचं वाक्य. जुई पायाच्या बोटांशी खेळत होती. मी वाट पाहिली. तिला समजलं का हे विचारावं, की विचारलं तर सगळं बिघडेल, या गोंधळात मी होते.

मग ती म्हणाली, "पण आई, त्याने आधी झाकण उघडायचं ना. मग जायचं विचारायला."