खिंडीतला देव

“...पण खिंडीतल्या त्या दगडांच्या ढिगात देव आहे कुठे?”

निरंजनने पुन्हा विचारलं. अनुग्रह हवा म्हणून तो उंबरटेपला आला होता. वाडी चार-सहा घरांची. कातळातलं टाकं, गुहा, कड्यावरून दिसणारी दरी, सगळं त्याचं बघून झालं होतं आणि प्रत्येक ठिकाणी त्याला काही ना काही खोट सापडली होती. असल्या माणसांना ती पटकन सापडते.

गुहेत राहणारे सोमगिरीबाबा म्हणाले, “खिंडीतून येताना दगड ठेवलास?”

“नाही. होते तेही दरीत लोटले. ढिगाखाली काही नव्हतं, बाबा. नुसती माती.”

बाबा तडक उठले. बाहेर धुकं चढत होतं.

खिंडीत पोहोचेपर्यंत हातभर अंतरावरचं दिसेना. बाबांनी चालता चालता एवढंच सांगितलं, की ढिगापाशी वाट डावीकडे वाडीला वळते आणि समोर कडा आहे. बाजाराहून परतणारी माणसं धुक्यात काठीने ढीग चाचपतात, देवाला दगड ठेवतात आणि वळतात. आज बाजार होता.

निरंजनने खालच्या वाटेकडे तोंड केलं.

“हाका मारू?”

“दरीत हाक घुमते. माणूस भलतीकडे चालत जातं.”

बाबा ढिगाच्या जागी, कड्याकडे पाठ करून, अंग चोरून बसले.

खालून काठी वाजली. ठक... ठक... वाडीतली भागूबाई. म्हातारी, डोळ्यांनी अधू. आवाज सरळ कड्याच्या रोखाने येत होता. निरंजन ओरडणार, तोच बाबांनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. दचकली असती तर पाऊल चुकलं असतं.

काठी बाबांच्या खांद्याला टेकली.

ती थांबली... चाचपत वाकली. हातातला दगड बाबांच्या मांडीवर ठेवून तिने हात जोडले.

“येते रं देवा. मागनं माझा ल्योक येतोय. ध्यान ठेव.”

आणि ती डावीकडे वळली.

निरंजनला रडू फुटलं. त्याला स्वतःची लाज वाटत होती. तो हलक्या आवाजात म्हणाला, “चुकलो, बाबा. अनुग्रह नको मला. एवढंच सांगा... देव कुठे आहे?”

खाली पुन्हा पावलं वाजली.

बाबा उठले. त्याला दंडाला धरून त्यांनी आपल्या जागी बसवलं आणि भागूबाईचा दगड त्याच्या मांडीवर ठेवला.

“हलू नकोस.”