थांबलं की चांदणी जाते

“...मग पाच वर्षांच्या मुलीला माणसांची माया याहून वेगळी कशी शिकवायची, तुम्हीच सांगा अक्कामाई!”

वैजयंती दम घ्यायला थांबली. लेकीला, जुईला, ती घरीच शिकवायची. पिशवीतून सगळं बाहेर निघालं होतं. नात्यांचं कागदी झाड, तळहातांचे रंगीत ठसे, आणि कवितांची वही. न अडखळता कविता म्हटली की पानावर एक चांदणी. मध्ये थांबलं की चांदणी जाते.

अक्कामाई विळीवर भोपळा चिरत होत्या. मठाच्या प्रमुख त्या, तरी तिथलं सगळं चिरणं त्याच करत. मी शेजारी वाटाणे सोलत होते.

“हे म्हणतात, जूनमध्ये शाळेत घालू. अक्कामाई हो म्हणाल्या तरच घरी शिकव, म्हणतात.”

“हं...”

“ऐका तरी. जुई, म्हण बाळा. हातवाऱ्यांसकट!”

आईचीच कविता. पोरगी पाय जुळवून उभी राहिली.

“तुझ्या पायात काटा,
माझ्या डोळ्यात पाणी...”

अक्कामाईंनी अंगठा पात्यावर ठेवला, आणि दाबला.

लागला नाही. दाबला. मी बघितलं.

भोपळ्याच्या फोडींवर रक्त ठिबकलं. जुईचा आवाज बंद झाला. हात पुढे करून ती एक पाऊल विळीकडे आली.

“तुझ्या ओठात...” वैजयंती कुजबुजली. “जुई! ओठात... थांबायचं नाही! चांदणी जाईल!”

पोरगी मागे सरली. दोन बोटं ओठांच्या कोपऱ्यांना लावली, आणि रक्ताकडे बघत बघत हसली. शिकवलं होतं तसं.

“तुझ्या ओठात हसू,
माझ्या गळ्यात गाणी.”

त्या बाईचा संताप आला मला. मग लक्षात आलं, मीही जागची हलले नव्हते. मीही कविता संपायची वाट बघत होते.

“आई,” जुईने हळूच विचारलं, “झाली ना कविता? आता बघू का माईंचा अंगठा?”

रक्त वैजयंतीला आत्ता दिसलं.

पोरगी परवानगीची वाट बघत उभीच.

“जा...” वैजयंती कसंबसं म्हणाली. “अगं, जा ना!”

जुई धावली. फ्रॉकचा घेर तिने त्या अंगठ्याभोवती गच्च आवळला, आणि मग तिला हुंदका फुटला.



“अक्कामाई...” वैजयंतीचा आवाज फाटला होता. “हिला कविता आलीच नाही का हो?”

अक्कामाईंनी मोकळ्या हाताने पोरीचे डोळे पुसले.

“आली होती की... दुसऱ्या ओळीनंतर, थांबली तेव्हा.”