ठिपकूचं रंगाचं मडकं

एक होती कनू. तिच्या हनुवटीवर काळा तीळ. तिळात राहायचा ठिपकू. इतका इवलासा, की डोळे फाडून बघा, दिसायचा नाही! त्याच्याजवळ काळ्या रंगाचं मडकं. ढवळायचा आपला, डुबुक डुबुक.

एकदा आला शिपाई. धाडधाड! कनूच्या अंगात शिरलेले चोर पकडायचे, हे त्याचं काम. पण हा नवा, भारी उतावळा.

“चोर! चोर!” मडकं उचललं की!

“अहो शिपाईदादा, मी कनूचाच! मडकं द्या. नाहीतर तीळ पांढराफटक होईल!”

“मानेतल्या गाठीत मावशी राहते. ‘हा आपलाच’ असं ती बोलली, तर देईन.”

लुटुलुटु लुटुलुटु. ठिपकू गेला गाठीत. मावशी भारी चौकस! कनूच्या अंगात कोण कुठे राहतं, सगळं तिला ठाऊक.

“मावशी, मावशी, बोल ना. शिपाई मडकं देईना!”

“बोलते रे. पण पोटात कावळे कोकलतात. नदीने खाऊ आणला, तर बोलेन.”

लुटुलुटु लुटुलुटु. ठिपकू गेला रक्ताच्या लाल नदीकडे.

“नदीबाई, नदीबाई, खाऊ आण. मावशी बोलेना, शिपाई मडकं देईना!”

“टोपली रिकामी, बाळा. पोटाने रस दिला, तर आणेन.”

लुटुलुटु लुटुलुटु. ठिपकू गेला पोटाकडे.

“पोटोबा, पोटोबा, रस दे. नदी खाऊ आणीना, मावशी बोलेना, शिपाई मडकं देईना!”

“गुर्रर्र! कशाचा रस, कपाळाचा? ओठांनी घास घेतला, तर देईन.”

लुटुलुटु लुटुलुटु. ठिपकू गेला ओठांकडे.

“ओठांनो, ओठांनो, घास घ्या. पोट रस देईना, नदी खाऊ आणीना, मावशी बोलेना, शिपाई मडकं देईना!”

“उं हूं! कनू रुसलीय. कुणी हसवलं, तर उघडू.”

समोर आई, हातात मऊ मऊ भात. “आ कर गं, राणी!” कनूची मान इकडे, कनूची मान तिकडे.

हसवायचं? एवढंच? ठिपकू चढला हनुवटीवर. गुदगुदगुदगुद!

“खी खी खी!”

ओठ उघडले. आईने घास सारला. गुट्ट! पोटाने रस दिला. नदीने खाऊ आणला, सळसळ सळसळ. मावशी जेवली. ढेकर दिला, “ढ्यॅऽऽव!” मग ओरडली,

“ए दांडग्या, इकडे ये!”

शिपाई आला. मावशीच्या पदरात सगळ्यांच्या घरचा एकेक कण. तिने काळा कण काढला, शिपायाच्या नाकाशी धरला.

“हुंग. कुणाचा वास?”

“ठि... ठिपकूचा!”

“मग तो चोर, की आपला?”

“आपला गं मावशी!”

“आपल्यावर धावायचं?”

“नाही गं मावशी!”

मडकं मिळालं! ठिपकूने बोट बुडवलं, डुबुक! आणि शिपायाच्या नाकावर लावला हा एवढा काळा टिळा!

शिपाई हसला, मावशी हसली, नदी, पोट, ओठ, सगळे हसले, खी खी खी!

घास गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.